थंड गाडीचा पंखा

विजेवरची गाडी घेतली तेव्हा भावकीतल्या निम्म्या लोकांनी मला वेड्यात काढलं. उरलेल्या निम्म्यांनी आबांना काढलं, कारण सुनेला असलं काही सुचू देणारा सासरा त्यांच्या मते सासराच नव्हे. आम्ही दोघांनीही ते कानाआड केलं. घरात राहतोच दोघं, त्यामुळे आमच्यात ठराव पास व्हायला वेळ लागत नाही.

माझा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी पुण्यात नोकरीला आहे. प्रकाशा या गावाजवळच्या आमच्या खेड्यात मी आणि माझे सासरे, म्हणजे आबा. आबांना मागे अर्धांगाचा झटका आला. उजवा हात कामातून गेला, उजवा पाय ओढत चालतात. जीभ मात्र झटक्याच्या तावडीतून सहीसलामत सुटली. मी तळोद्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते. दिवसा आबांजवळ एक मावशी असतात, पण पाच वाजले की त्यांना स्वतःच्या घरची चूल दिसायला लागते. शाळा सुटल्यावर मी बसने यायचं म्हटलं तर आधी जीप भरायची वाट बघा, मग तळोद्याला बसची, मग फाट्यावर उतरून जो भेटेल त्याच्या मागे बसा. अंधार पडतो. एकदा अशाच उशिरात आबा मोरीत पडले आणि मी येईपर्यंत ओल्या फरशीवर तसेच पडून होते. त्यानंतर मी गाडी घेतली.

म्हणजे गाडी ही आमची हौस नव्हती. गाडी चालली तर आबा या घरात, नाहीतर सुरतेला, थोरल्या मुलाकडे. हे कोणी बोलून दाखवलेलं नव्हतं, पण आम्हाला दोघांनाही ते पाठ होतं. माझे जेठ, म्हणजे थोरले दीर, भला माणूस, वडिलांना कधी काही कमी पडू देणार नाहीत. पण आबा तिथे एकदा थोडे दिवस राहून आले होते आणि आल्यावर त्यांनी आमच्या अहिराणीत सुरतेचं वर्णन एवढंच केलं होतं: "समोरनी खिडकीमा एक मानूस बशे. मी त्याले देखू, तो माले देखे. राम राम बी नई."

आबांनी आयुष्यभर शेती केली. हंगाम संपला की ट्रॅक्टरच्या पुढच्या जाळीत भुसा आणि कचरा अडकून बसतो आणि इंजिन तापतं. म्हणून आमच्याकडे बोरची मोटर चालू करून पाइपाच्या धारेने जाळी धुतात. धार अशी मारायची की पलीकडून पाणी निघालं पाहिजे. आबांच्या लेखी वाहनाची सेवा म्हणजे हीच. गाडी घरात आली त्या दिवसापासून ते अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे, डाव्या हातात पाइप धरायचे आणि मी शाळेतून आले की गाडीच्या नाकावर धार सोडायचे. मी म्हणायची, आबा, हिला इंजिन नाही, भुसा नाही. ते म्हणायचे, "जाळी शे ना?" जाळी होती, हे खरंच. तेव्हा मी गप्प बसायची. शिवाय खरं सांगायचं तर मला ते दृश्य आवडायचं. झटक्यानंतर त्यांनी स्वतःहून हाती घेतलेलं ते पहिलं काम होतं.

या वर्षी होळी झाली आणि ऊन एकदम अंगावर आलं. शाळा अजून दुपारचीच होती. त्याच आठवड्यात गाडीने पहिल्यांदा नाटक केलं. शाळेतून निघाले, तळोदा ओलांडलं आणि पुढच्या पडद्यावर कासवाचं चित्र उमटलं. खाली सूचना: थंड करणारं पाणी जास्त तापलंय, गाडी हळू चालेल. आणि चाललीही हळू. उसाच्या बैलगाड्या मला मागे टाकतात की काय, अशी वेळ आली. पुढचा पंखा मात्र जिवाच्या आकांताने फिरत होता.

विजेच्या गाडीतही पाणी असतं, हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं. रंगीत पाणी, कूलंट म्हणतात. ते बॅटरीभोवती नळ्यांतून फिरतं आणि तिची उष्णता बाहेर आणून टाकतं. ते किती तापलंय हे सांगायला नळीवर बोटाच्या पेराएवढा एक सेन्सर असतो. बाकी गाडी त्याच्या शब्दावर चालते. त्याने तापलंय म्हटलं की पंखा जोरात, वेग कमी, चार्जिंग मंद. तो म्हणतो ते खरं की खोटं, हे विचारायची सोय गाडीत नसते.

आम्हीही विचारलं नाही. आमच्या जिल्ह्यात मार्चच्या दुपारी एखादी वस्तू तापली आहे असं कोणी म्हटलं तर त्यात शंका घेण्यासारखं काय असतं? माणसं तापतात, पत्रे तापतात, नळाचं पाणी तापतं. गाडी तापली. मी लोणखेड्याच्या गॅरेजवाल्याकडे गेले. तो आमच्या ट्रॅक्टरचा जुना मेकॅनिक, आता विजेच्या गाड्याही बघतो, संगणकाची तार लावून आतले आकडे वाचणारं यंत्रही त्याच्याकडे आहे. भर दुपारी त्याने तार लावली. बॅटरी तापलेली, मोटर तापलेली, पाणी त्याहून तापलेलं. तो म्हणाला, "ताई, उन्हायामा बठ्ठ्या गाड्या तपतस. पंप कमजोर व्हयना वाटस. सावलीमा लावा, नि घर गयात की बॉनेट उघडं ठेवा."

उन्हाळ्यात सगळ्याच गाड्या तापतात, हे मलाही पटलं. मग काय, घरी आले की मी बॉनेट उघडायची आणि आबा आत पाणी मारायचे. आधी ते बाहेरून जाळीवर मारत होते, आता उघड्या पोटात. "आंघोय घाली दिधी, आते गार व्हई," असं म्हणून पाइप बाजूला ठेवायचे. दुसऱ्या दिवशी कासव आणखी लवकर उमटायचं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला तर तिथल्या माणसाने गाडी आणून सोडा म्हणून सांगितलं. बॅटरीच्या गारव्याचा मामला आहे, उघडून बघावी लागेल, किती दिवस ते सांगता येत नाही. मी जाऊबाईंशी फोनवर बोलता बोलता हे सांगितलं आणि त्या रात्री जेठांचा आबांना फोन आला. ते म्हणाले, मी रविवारी येतो, तुम्हाला घेऊन जातो, गाडी नीट होईपर्यंत तरी. आबा फक्त "बरं" म्हणाले. 'तरी' या शब्दाचा अर्थ त्यांना माझ्याइतकाच कळला होता.

शनिवार उजाडला. शनिवारी आमची सकाळची शाळा, तेव्हा सूर्य उगवायच्या आत निघावं लागतं. रात्रभर लाईट नव्हती, त्यामुळे गाडी चार्जिंगलाही लागली नव्हती, नुसती अंगणात उभी होती. पहाटे आमच्याकडे मार्चमध्येही गारठा असतो. मी शाल पांघरून गाडीत बसले, बटन दाबलं आणि पंखा दणाणून सुरू झाला. कासवही हजर. माझ्या डोक्यात तिडीक गेली. इतकी की मी स्टिअरिंगवर हात आपटला आणि हॉर्न वाजला. आबा जागेच होते, काठी टेकत बाहेर आले. गाडीपाशी उभे राहिले, डावा हात बॉनेटवर ठेवला. मला बॉनेट उघडायला लावलं. मग पाण्याच्या टाकीवर आणि जाड नळीवर हात फिरवला, गुरांच्या अंगावरून फिरवावा तसा.

"आते ते दिन बी निंघना नई," ते म्हणाले, "मंग हाऊ पंखा कसाले वरडी ऱ्हायना? हात लाई देख. थंडी शे ती."

मी हात लावला. नळी गारेगार होती. रात्रीचं दव होतं तिच्यावर.

 मुलांना मी दरवर्षी शिकवते की एखादी वस्तू बराच वेळ तशीच ठेवली की ती भोवतालच्या हवेइतकी गार होते. गाडी रात्रभर उभी होती. तिच्या पोटात तापायला काही नव्हतं. तरी सेन्सर ओरडून सांगत होता की मी उकळतोय. दुपारी त्याचं खोटं बाकीच्या खऱ्या उष्णतेत मिसळून जात होतं, म्हणून आम्हा कोणालाच ते दिसलं नाही. मुख्याध्यापकांना फोन करून रजा सांगितली, आबांना शेजारी बसवलं आणि गाडी तापायच्या आत लोणखेडा गाठायला निघाले. आबांना घरी ठेवता आलं असतं, मावशी येईपर्यंत शेजारची मंडळी होती. पण गाडी थंड आहे हे त्यांनी ओळखलं होतं, तेव्हा त्यांचा मान होता.

मेकॅनिक गॅरेजच्या मागेच राहतो. तो ब्रश तोंडात घेऊन बाहेर आला. मी त्याला तोंड धुवायलाही वेळ दिला नाही. आबा लिंबाखालच्या खुर्चीवर बसले. मेकॅनिकने तार लावली आणि या वेळी मी आकडे स्वतः बघितले. बॅटरी चोवीस. मोटर सव्वीस. बाहेरची हवा एकवीस. आणि पाणी अठ्ठ्याण्णव.

"हे जमत नाही," मी म्हणाले. "चोवीस अंशांच्या बॅटरीला अठ्ठ्याण्णवचं पाणी गार करतंय का?"

मेकॅनिकने ब्रश तोंडातून काढला. चारही आकडे पुन्हा वाचून तो हसला. "ताई, दुपारले देखं तवय बठ्ठंच गरम व्हतं," तो म्हणाला. "आकडा खोटा शे."

त्याने खाली वाकून पुढच्या नळीवरच्या सेन्सरची वायर सोडवली. पडद्यावरचा आकडा एकदम उणे चाळीसवर गेला. आबांनी लिंबाखालून विचारलं, काय झालं. मी म्हटलं, गाडी म्हणते उणे चाळीस. "काश्मीरमा गई का?" आबा म्हणाले. मेकॅनिकलाही हसू आलं. पण त्याने समजावून सांगितलं की हे चांगलं लक्षण आहे. वायर सोडवली की गाडीला अतिथंड वाटायलाच हवं, आणि तसंच वाटलं, म्हणजे गाडीपर्यंतची वायर शाबूत आहे. खोट आहे ती सेन्सरमध्ये नाहीतर त्याच्या खटक्यात, म्हणजे वायर जिथे जोडते त्या खोबणीत.

खटका त्याने उन्हाकडे धरला. दोन बारीक पिनांच्या मध्ये हिरवट-पांढरा चुना साचला होता, आमच्या घरी पाणी तापवायच्या पातेल्याच्या बुडाला साचतो तसला. रबराची कडा फाटली होती आणि आत ओल होती. तेवढ्यावरून मला सगळं कळलं. हा सेन्सर तापला की त्याच्यातून वीज जास्त सहज वाहते, आणि किती सहज वाहते त्यावरून गाडी उष्णता ठरवते. आमच्या बोरच्या जड, खारट पाण्याने दोन पिनांच्या मध्ये विजेला आडवाट करून दिली होती. वीज सहज वाहत होती, गाडी समजत होती की पाणी उकळतंय. आम्ही तिला गार करायला पाणी मारत होतो आणि प्रत्येक धारेनिशी तिला आणखी तापल्यासारखं वाटत होतं.

मी मेकॅनिकला खूण करणार होते की गप्प राहा. पण तो खटका पुसता पुसता सहज बोलून गेला, "ताई, हाई गाडीले रोज पाणी कोण मारस?"

लिंबाखाली आबांनी डावा हात वर केला. वर्गात उत्तर येणारा पोरगा करतो तसा. "मी!" ते म्हणाले. "रोज. एक दिन बी खाडा नई."

त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मला बघवला नाही. मेकॅनिकने माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. तो चांगला माणूस आहे, पण त्याला खोटं बोलता येत नाही. "आबा," खटका पुढे धरून तो म्हणाला, "तेच पाणी आठे घुसनं."

आबांचा हात हळूहळू खाली आला.  मेकॅनिकने खटका साफ केला, फुंकून वाळवला, पुन्हा जोडला, आणि आकडा पंचवीसवर येऊन थांबला. पंखा बंद झाला. इतका वेळ त्याच्या आवाजात आम्ही मोठ्याने बोलत होतो हे तेव्हा लक्षात आलं. सेन्सर नवीन घालावा लागेल, तो मागवतो, तोवर चालेल पण पुढच्या बाजूला पाण्याचा थेंब लावू नका, असं त्याने मला सांगितलं. आबांकडे न बघता सांगितलं.

परतीच्या वाटेवर गाडी सुरळीत चालत होती. केळीच्या बागा मागे जात होत्या. मला आनंद व्हायला हवा होता. आबा समोर बघतच म्हणाले, "थोरलाले फोन लाई दे. मी सांगस, सकायले ये, मी तयार शे."

"का?"

"मी आठे ऱ्हायनू ते आखो काहीतरी मोडसू."

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. माझा राग शाळेत प्रमाण मराठीत असतो, घरी अहिराणीत, आणि अहिराणीतला राग मला आवरता येत नाही. मी त्यांना बरंच काही बोलले. तुम्ही पाणी मारलं, मी बॉनेट उघडलं, मेकॅनिकने उघडायला सांगितलं, तिघांनाही कळलं नाही, मग एकट्याने कसलं पाप घेता डोक्यावर? सुरतेला जायचं नाही म्हणून तुम्ही गाडी जपत होतात, हे मला कळत नाही का? ते मान खाली घालून ऐकत होते. आणि मग मी जे कधीच बोलले नव्हते ते बोलले. 

"आबा, तुम्ही गयात ते मी हाई गाडीनं काय करू? कोणाकरता पयत पयत घर येऊ?"

आबांनी डाव्या हाताने धोतराचा सोगा डोळ्यांना लावला आणि मला गाडी चालवायची खूण केली. मला वाटलं, झालं, समजले. दिवसभर मी त्याच समाधानात होते. सगळा भार गाडीवर टाकायची ही माझी खोड मला त्या दिवशी नीट दिसली. आबा राहतील की जातील, याचा निकाल आम्ही दोघांनी मिळून एका यंत्रावर सोपवला होता, कारण एकमेकांना सरळ विचारायची लाज वाटत होती. ते विचारू शकत नव्हते, मी राहू का. मी म्हणू शकत नव्हते, तुम्ही राहा. विधवा सुनेने सासऱ्याला धरून ठेवायचं, तेही थोरला मुलगा असताना, हे आमच्याकडे बोललं जात नाही. कर्तव्य म्हणून ठेवून घेता येतं. हवे आहेत म्हणून नाही.

रविवारी सकाळी उठले तर ओट्यावर आबांची कापडी पिशवी भरलेली. दोन धोतरं, गोळ्या, चष्मा. एका हाताने भरली होती, कपडे कोंबलेले दिसत होते.  मला कळलं की काल माझं ऐकून त्यांना बरं वाटलं होतं, पण त्याने पिशवी रिकामी होणार नव्हती. गाडीतलं बोलणं आमच्या दोघांतलं होतं. थोरल्या मुलासमोर ते कोण बोलणार?

जेठ दहाच्या सुमारास आले. चहा झाला. आमच्याकडे जेठांशी सून समोरासमोर बोलत नाही. मी शिक्षिका असले, गाडी चालवत असले तरी या घरात इतक्या वर्षांत त्यांच्याशी जे बोलले ते जाऊबाईंमार्फत किंवा आबांमार्फत, दाराआडून. मी आत उभी होते. जेठ आबांना सांगत होते, आज सेन्सर आहे, उद्या दुसरं काही निघेल. ती एकटी किती धावपळ करील. तुमच्या तब्येतीला काही झालं तर मी काय तोंड दाखवू. सगळं रास्त होतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हणाले असते.

"मंग चालतस ना, आबा?" त्यांनी विचारलं.

आबांनी पिशवीकडे पाहिलं. मग म्हणाले, "हिले इचार."

मी डोक्यावरचा पदर नीट केला आणि उंबऱ्याबाहेर आले.  जेठ चमकून उभे राहिले. मी त्यांच्याकडे बघून बोलले.

"आबा आठेच ऱ्हातीन," मी म्हणाले. "गाडी बंद पडनी तरी. मी रजा टाकसू, बदली मांगसू, काय करानं ते करसू. पण आबा माले घरमा जोयजेत."

हवे आहेत, हे मी जेठांसमोर बोलले होते. ते माझ्याकडे, मग वडिलांकडे बघत राहिले. त्यांना राग आला नाही. उलट त्यांचेच डोळे भरून आले. आबा काठी टेकून उठले, डाव्या हाताची काठी भिंतीला लावली आणि त्याच हाताने पिशवी उचलली. पाय ओढत ते आतल्या खोलीकडे निघाले, भिंतीला खांदा घासत. जेठ धावत गेले आणि त्यांनी पिशवीला हात घातला.

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "मन्हा घरमा मन्ही पिशवी मी नेस."